सावकाश द्या की, साहेब

अक्का, काल तुम्हाला बसवून मातीला नेलं. तुमच्या लोकांत तशीच रीत असते हे मी ऐकून होते, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कपाळभर विभूती, अंगावर हिरवी इरकल, गळ्यात हार आणि खुर्चीत ताठ बसलेल्या तुम्ही. तुमच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. काजू सोलणाऱ्या बायका भिंतीला टेकून मोठमोठ्यानं रडत होत्या. मला मात्र रडू येईना. सारखं वाटत होतं, आता तुम्ही मान वळवून म्हणणार, "वकीलबाई आल्यात न्हवं, च्या टाका की कुणीतरी." दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता तुम्ही कधी बसून राहिला नव्हता. म्हणून ते बघवेना.

रडू आलं ते आज, कोल्हापुरात परत आल्यावर. कुकर लावायला म्हणून तुम्ही दिलेल्या घनसाळ तांदळाचा डबा उघडला आणि तो वास आला. मग भात राहिला बाजूला. पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्यात. काजूच्या जुन्या व्यापारी, मनमिळाऊ स्वभाव, मागं मुलगा आणि नात असा परिवार. मनमिळाऊ म्हणे. तुमच्याशी भांडून भांडून माझं डोकं दुखायचं, ते त्या बातमीदाराला कुठं ठाऊक असणार. पेपर बाजूला टाकला आणि म्हटलं, आपण लिहू. पण तुमच्याविषयी लिहायला बसले की तुमच्याशीच बोलायला लागते. तेव्हा तसंच लिहिते.

पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. कोर्टासमोरच्या माझ्या त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही नातीचं बोट धरून आलात आणि नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ म्हणालात, "तुमी लई भांडखोर हायसा म्हणून कळलं. म्हणून आलो." आमच्या जिल्ह्यातल्या बायका पुरुषांसारखं 'मी आलो, मी गेलो' बोलतात, घरी मीही बोलते. पण तुमच्या तोंडी ते असं काही बसायचं की समोरचा आपोआप सावरून बसायचा. नात गिरिजा तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल. दोन वेण्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही. तुम्ही तिला बाहेरच्या बाकावर बसवलंत, दार लोटलंत, आणि मग सांगायला लागलात.

तुमची सून सुवर्णा गिरिजाच्या वेळी गेली. तुमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, तेव्हाची माणसं तिथं आता कुणी राहिलेली नाहीत. पोर वाचली, आई गेली. गावानं गलका केला, मोर्चा नेला, मग सरकारनं चौकशी नेमली. चौकशी झाली, साहेब लोक येऊन गेले, अहवाल लिहिला गेला आणि तो कोल्हापुरातल्या एका कचेरीत जाऊन पडला. गावातल्या कुणालाच तो बघायला मिळाला नाही. तुमचा मुलगा पुढं गोव्यात गेला आणि तिथंच दुसरा संसार मांडला. पोर तुमच्याकडं राहिली. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. त्या उन्हाळ्यात गिरिजा आजोळी चंदगडला गेली, आणि तिथं कुणा मावशीनं का मामीनं तिला सांगितलं की तुझ्या अज्जीनं तुझ्या आईला वेळेत दवाखान्यात नेलं नाही, म्हणून ती गेली. पोर परत आली, पिशवी ठेवली आणि तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "अज्जी, तू उशीर केलीस काय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कागद आणून दावतो म्हटलं."

तेवढंच सांगितलंत. मला वाटलं, आलं लक्षात. डॉक्टर जागेवर नसणार, ते अहवालात लिहिलेलं असणार, आणि म्हातारीला ते जगाला दाखवायचंय. माझ्याकडं माहिती मागायला येणारा प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणाला तरी पकडायला आलेला असतो. नुकताच नवा कायदा आला होता, माहितीच्या अधिकाराचा. साध्या कागदावर अर्ज करायचा आणि ठरलेल्या मुदतीत सरकारनं उत्तर द्यायचं. आम्ही वकील मंडळी तेव्हा त्या कायद्यावर इतके खूश होतो की विचारू नका. मी तुमचा अर्ज लिहून दिला आणि वर चार गोष्टी बजावल्या. पोच घ्यायची, शिक्का बघून घ्यायचा, आणि साहेबांना काजू न्यायचे नाहीत.

"मोकळ्या हातानं कसं जायाचं कुणाच्या दारात?" तुम्ही खरंच चकित झाला होता.

"मोकळ्या हातानंच जायचं. ते दार नाही, कचेरी आहे."

काजू नेले नाहीत तुम्ही. ते ऐकलंत. पण तोंडाला कुलूप घाला हे सांगायचं माझ्या ध्यानात आलं नाही, आणि तिथंच पुढचं सगळं रामायण झालं.

त्या कचेरीतला माहिती अधिकारी तसा वाईट माणूस नव्हता, हे तुम्हीच मला कितीदा सांगायच्या. उठून खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा, आजऱ्याकडं पाऊस कसा आहे विचारायचा. आणि मग म्हणायचा, "अक्का, अहवाल द्यायचा की नाही याची वर पडताळणी चाललीय. जरा वेळ लागंल." आणि तुम्ही बशीतला चहा संपवून म्हणायच्या, "असू दे की. सावकाश द्या, सायब."

अहो, सावकाश द्या. आता तुमचं हे 'सावकाश' म्हणजे काय प्रकरण होतं ते तुमच्या गावातल्या पोरासोरांना ठाऊक होतं. शेतकऱ्याला तुम्ही म्हणायच्या, "सावकाश आणा की माल," आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्या अंगणात तुमचा टेम्पो उभा. गवंड्याला म्हणायच्या, "सावकाश बांधा भिंत," आणि तो जेवायला बसला तरी तुम्ही विटा मोजत उभ्या. त्या शब्दाला तुमच्या तोंडी तसा काही अर्थच नव्हता. 'बसा की', 'जेवून जावा की', तसंच हे. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बोलायचं. कोल्हापूरच्या माणसाला रागात शिव्या देता येतील, पण चहा पाजलेल्या माणसाला तोंडावर 'मला आत्ताच पाहिजे' म्हणता यायचं नाही. मला येतं, कारण मी वकील आहे. तुम्हाला आलं नाही.

मुदत गेली. अर्जाला ना होकार ना नकार. वरच्या साहेबाकडं पहिलं अपील केलं. त्यांनी सुनावणी घेतली, मान हलवली आणि निर्णय राखून ठेवला. तो राखलेला निर्णय काही बाहेर आला नाही. मग आयोगाकडं दुसरं अपील. तिथं अपिलांचा एवढा ढीग साचला होता की नंबर आल्यावर कळवू, एवढंच उत्तर. तुम्ही मात्र दर खेपेला सकाळच्या एसटीनं यायच्या, कचेरीत जायच्या, चहा प्यायच्या, आणि परत जाताना माझ्याकडं डोकावायच्या. कंटाळला नाहीत. रागावलाही नाहीत. सगळा राग मी करायचा आणि तुम्ही मलाच शांत करायच्या. एकदा असंच जाता जाता पायरीवर थांबून म्हणालात, "पोरीनं अंथरूण पलीकडच्या खोलीत नेलंय. माझ्याजवळ झोपत न्हाय आता." मी काही बोलायच्या आत छत्री उघडून चालू लागलात. त्या दिवशी मी ठरवलं की आता हायकोर्ट.

हायकोर्ट मुंबईला. आम्ही वकील खंडपीठ कोल्हापुरात आणा म्हणून काळे कोट घालून रस्त्यावर बसायचो, ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "तुमी लोकं इतकी वर्सं कोर्टाची वाट बघत बसलाय व्हय? मग माझ्या कागदाचं काय घिऊन बसलाय." हसलात. मी नाही हसले. याचिका लिहिली. मागणी एकच होती. अहवाल द्या म्हणा किंवा देत नाही म्हणा, पण ठरवा. सरकारनं पडताळणीच्या नावाखाली माणसाला असं वर्षानुवर्षं टांगून ठेवायचं नाही.

आणि मग सरकारचं उत्तर आलं.

अक्का, वकिलीत मी पुष्कळ प्रतिज्ञापत्रं वाचली आहेत. तसलं एकही वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की विलंबाबाबत अर्जदारांची तक्रार नव्हतीच, कारण अर्जदारांनी कार्यालयात समक्ष येऊन वेळोवेळी तोंडी मुदतवाढ दिली आहे. सोबत फाईलमधली टिपणं जोडली होती. तुम्ही ज्या ज्या दिवशी गेलात त्या त्या दिवसाचं टिपण. 'अर्जदार समक्ष आल्या. सद्यःस्थिती अवगत करून दिली. सावकाश दिले तरी चालेल असे त्यांनी सांगितले.' खाली कारकुनाची सही. तुम्ही चहा पीत होता आणि पलीकडच्या टेबलावर तो लिहीत होता.

मी तुम्हाला फोन करून बोलावून घेतलं आणि फाडफाड बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत. मी म्हटलं, "हे खोटं आहे असं लिहायला सांगत नाही मी. तुम्ही फक्त म्हणा, असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. बास. तुमची सही कुठंच नाही. वय झालंय, विसरलात. कोर्ट समजून घेतं."

"आठवतंय की."

"अक्का."

"आठवतंय की सगळं. च्यात आलं घातलं हुतं. म्हटलोय मी."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, इतक्या वर्षांची धावपळ एका चहापायी पाण्यात जाणार. तुमचं तुम्हाला कळतंय का? आठवत नाही म्हणणं हे काही खोटं बोलणं नाही, कायद्यात त्याला जागा आहे, अख्खं जग तसंच म्हणतं. मग खुर्ची पुढं ओढून, आवाज खाली आणून बोलायला लागलात. तुमचा आवाज खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवशी सकाळीच सुवर्णाला कळा सुरू झाल्या होत्या. हंगाम होता. दारात माल घेऊन माणसं उन्हात खोळंबली होती. सुवर्णाच म्हणाली की अजून कळा बारीक आहेत, होऊ द्यात वजनं. "मला बी वाटलं, माणसं ताटकळल्यात, एवढी वजनं करतो आन् निघतो. वजनं केलो. मग जीप आणलो. मग गेलो." तुम्ही थांबलात. "त्या येळात काय झालं असंल ते मला ठावं न्हाय, वकीलबाई. आदी गेलो असतो तर वाचली असती का, ते मला ठावं न्हाय. पोरगी इच्यारती तवा मी काय सांगू? न्हाय म्हणू? का व्हय म्हणू? त्या कागदात लिवलं असंल. माझं नाव असंल तर असू दे. पर खोटं बोलून आणलेला कागद त्या पोरीच्या हातात कुठल्या तोंडानं दिऊ?"

मी समजत होते की तुम्ही दुसऱ्याचा गुन्हा शोधायला निघालात. तुम्ही तर स्वतःचा शोधत होता. स्वतःविरुद्धचा पुरावा मिळावा म्हणून सरकारशी हायकोर्टात भांडणारा माणूस मी ना त्याआधी पाहिला ना त्यानंतर. माझ्यासमोर काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं टेबलावर ठेवून तुम्ही बसला होता आणि माझी मान वर होईना.

तरी मी भांडलेच. हे भांडण आपलं संपलं नाही, अक्का. मी आजही म्हणते की आठवत नाही हे खोटं नव्हे. ते वकिलाचं हत्यार आहे आणि हत्यार वापरायला लाज कसली. पुढं कितीदा आपण यावर बोललो, तुमच्या ओट्यावर, माझ्या खोलीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तुम्ही हसून विषय संपवायच्या, "तुमचं बरोबर असंल." यालाही तुमच्या तोंडी काही अर्थ नसायचा हे मला तोवर कळलं होतं. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर माझ्या तोंडातून कुठल्याही पक्षकाराला 'आठवत नाही म्हणा' हे वाक्य निघालेलं नाही. निघतच नाही. त्यापायी मी दोन-तीन खटले घालवलेत, आणि त्याचा राग मी मनातल्या मनात तुमच्यावर काढत असते.

मग तुम्ही सांगितलंत तसं प्रतिज्ञापत्र लिहिलं. तुमचे शब्द मी फक्त पुस्तकी मराठीत घातले, त्याखाली इंग्रजी केलं. होय, मी तसं म्हणाले. दर वेळी म्हणाले. आमच्याकडं दारात आलेल्या पाहुण्याला बसा म्हणतात, जेवून जा म्हणतात. म्हणून तो घर आपलंच समजून वर्षानुवर्षं बसत नाही. साहेबांनी चहा दिला, मी गोड बोलले. माझ्या बोलण्यानं मी थांबंन, कायदा कसा थांबंल? शेवटचा प्रश्न शब्दशः तुमचा. मी तो लिहून घेताना दोनदा तुमच्याकडं बघितलं होतं. तुम्ही पदरानं चष्मा पुसत होता.

मुंबईला तुम्ही आलातच. येऊ नका म्हटलं, लांबचा प्रवास, तारीख पडेल, उभं राहावं लागेल. "माझंच हाय न्हवं काम," म्हणालात आणि आलात. कोर्टाच्या त्या उंच छताखाली शेवटच्या बाकावर इरकल नेसून बसलात आणि आजूबाजूच्या ज्युनिअर पोरांना पिशवीतले काजू वाटलेत. तिथं मी नाही म्हणू शकले नाही.

सरकारी वकिलांनी ती टिपणं एकेक करून वाचली. फार चवीनं वाचली. माझी पाळी आली तेव्हा मी तुमचं प्रतिज्ञापत्र वाचलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मराठी माणूस होता. विचारलं, याचिकाकर्त्या आल्यात का. तुम्ही उभ्या राहिलात.

"तुम्ही खरंच असं म्हणाला होता?"

"म्हटलोय की, सायब."

"दर वेळी?"

"दर वेळी. आताबी तुमी च्या पाजलासा तर म्हणंन."

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले, आणि मग हसू पुसून सरकारी वकिलांना त्यांनी एकच विचारलं. कायद्यानं मुदत कुणाला घातलीय, या बाईंना का तुमच्या अधिकाऱ्याला? ज्याला घातलीय त्यानं ती पाळायची. समोरच्यानं सभ्यपणा दाखवला म्हणून ती वाढते असं कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा. सरकारी वकील पुस्तक चाळत राहिले. मी खाली बघत उभी होते, कारण माझे डोळे भरले होते आणि वकिलाचे डोळे भरलेले कोर्टात दिसणं बरं नव्हे. हुकूम तिथंच झाला. पडताळणी हे मुदत मोडायचं कारण नव्हे. अर्जदाराचं सौजन्य म्हणजे तिची माघार नव्हे. अहवाल आठवड्याच्या आत तिच्या हातात द्या. मी ज्या मुद्द्यावर हरणार म्हणून टेबल बडवलं होतं, त्याच मुद्द्यावर आपण जिंकलो. नाकारलं असतंत तर काय झालं असतं? कारकुनाचा शब्द आणि तुमचा शब्द, खरं कोण बोलतं ते तपासण्यात आणखी वर्षं गेली असती. तुम्ही कबूल केलंत म्हणून त्यांच्या हातातलं सगळं गळून पडलं. हे तुम्ही आधी ओळखलं होतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही डाव टाकला नव्हता. डाव टाकता येत नसलेल्या माणसानं तो जिंकला, हेच मला अजून पचत नाही.

कागद आला तेव्हा तुम्ही मला गावी बोलावून घेतलंत. चंदगडची सुवर्णाची आई आणि बहीण, दोघींनाही बोलावलं होतं. मी आत तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की मी वाचलाय अहवाल, त्यात एक वाक्य आहे, ते सोडून वाचलं तरी अर्थ बिघडत नाही. पोर लहान आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "गिरिजाच वाचंल."

ओसरीवर सगळ्यांसमोर तिनं वाचला. अवघड सरकारी शब्द, एकेक तोडून वाचत होती. वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी हजर नव्हते. निरोप जाऊन ते येईपर्यंत बराच वेळ गेला. मग ते वाक्य आलं. रुग्णास दवाखान्यात आणण्यास नातेवाइकांकडून काही विलंब झाल्याचे दिसते. पोर थांबली. सुवर्णाच्या आईनं पदर तोंडाला लावला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मांडी घालून बसला होता आणि तुमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

"वाच की. थांबू नको."

तिनं पुढं वाचलं. रुग्ण याहून लवकर आणला असता तरी त्या वेळी अधिकारी हजर नसल्याने वेळेत उपचार मिळाले असते असे निश्चित म्हणता येत नाही. तिनं कागद खाली ठेवला आणि तुम्हाला विचारलं, "म्हणजे तू उशीर केलीस?"

"केलो. वजनं करत बसलो."

"आणि डॉक्टर पण नव्हता?"

"त्यो बी नव्हता."

"मग मला आधी का सांगितलं नाहीस?"

"मला बी नक्की ठावं नव्हतं, बाळ. ठावं नसलेलं कसं सांगू?"

तिनं कागदाची घडी घातली. मग ती उठली आणि आत जाऊन सगळ्यांसाठी पाणी घेऊन आली, पहिला तांब्या तुमच्या हातात दिला. मी कोल्हापूरला परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत सारखा विचार करत होते की मला असं जमलं असतं का. नसतं जमलं. मी ते वाक्य गाळलं असतं आणि त्याला प्रेम म्हटलं असतं. पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा दारातूनच सांगितलंत, "अंथरूण आणलं पोरीनं परत." वर्षानुवर्षांच्या लढाईचा निकाल तुम्ही तेवढ्या चार शब्दांत मला कळवलात, आणि लगेच विचारलंत की तांदूळ संपला असंल न्हवं.

तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्हीच माझे मानायच्या, आणि मी फी घेतलीय म्हणून तोडून टाकायचे. ते आता मानते. कोर्टात उभं राहताना मला अजून तुमचा आवाज ऐकू येतो, आणि मग मी जरा कमी ओरडते.

आता काल काय कळलं ते सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या छातीत कळ आली तेव्हा घरात फक्त गिरिजा होती. तिनं शेजारच्यांची जीप आणली, तुम्हाला घातलं, त्याच सरकारी दवाखान्यात नेलं. ते जीपवाले काका काल मला सांगत होते. या वेळी डॉक्टर जागेवर होता, तरणा पोरगा, त्यानं खूप खटपट केली. नंतर तो बाहेर आला आणि मोठ्या माणसांकडं बघून हळू आवाजात बोलायला लागला. गिरिजा मधे शिरली. रडत नव्हती म्हणाले. तिनं त्याला तोंडावर विचारलं, "अज्जीला आणायला मी उशीर केला का? खरं सांगा."

काका म्हणाले, कुणा पोरीनं असं विचारलेलं त्यानं कधी ऐकलं नसावं. मग तो तिच्यापुढं वाकला आणि म्हणाला, "नाही बाळ. तू लगेच आणलंस. याहून लवकर कुणालाच आणता आलं नसतं."

"तेवढं लिहून द्या," ती म्हणाली.

आणि अक्का, त्यानं दिलं. तिथंच, उभ्या उभ्या, मागितल्याबरोबर.